वाजणारं पॅड

नागाप्पा खुर्चीवर टेकला आणि खालून हॉर्न बोंबलला.

शाहूपुरीतल्या आकारामच्या ब्रेकच्या दुकानात ही खुर्ची फक्त नव्या गिऱ्हाइकासाठी होती. माणूस दचकून उडायचा, आकाराम पोट धरून हसायचा, मग चहा पाजायचा. नागाप्पा उडाला नाही. बसूनच राहिला. हॉर्न वाजतच राहिला.

"अण्णा, उठा की! बॅटरी उतरंल माझी!"

"असं वाजणारं ब्रेकचं पॅड हाय का?" नागाप्पानं विचारलं.

आकारामचं हसू अर्ध्यावरच थांबलं. लोक ब्रेक वाजतोय म्हणून रडत यायचे. हा पहिलाच उलटा.

नागाप्पानं रुमालातली जुनी पॅड काउंटरवर ठेवली. पार झिजलेली. आकारामनं एक उचलून नखानं खरवडलं.

"ही तर रेसची. गाडी कुठली?"

"पोरानं बनवलीया. वीरेशनं. जुन्या मोटारीचं इंजिन काढलं, फोर्कलिफ्टची मोटर बसवली. बॅटरीवर पळती. आठवडाभर गावात, रविवारी ट्रॅकवर."

दोन हजार सात साल होतं. बॅटरीची मोटार म्हटल्यावर आकाराम उडी मारूनच बाहेर आला. गाडी दारातच होती. सीट पार स्टेअरिंगला चिकटवलेली.

"पोरगं कुठंय?"

"कामात हाय. म्हणून मी आणली."

नागाप्पाच्या धोतराखाली पांढरे रेसचे बूट होते. दोन बोटं तरी मोठे. चालला की टाचा ठोक ठोक वाजायच्या.

"पोराचं बूट ढापलं व्हय अण्णा? आता हेल्मेट तेवढं घाला, मी झेंडा दाखवतो."

नागाप्पा हसला नाही.

आकारामनं चहा सांगितला आणि समजावायला बसला. "हे बघा. रेसचं पॅड तापल्याबिगर धरत न्हाई. ट्रॅकवर तापतंय. गावात थंडगार. त्यात तुमची बॅटरीची गाडी. पाय काढला की मोटरच तिला आवळून धरती. मग पॅड तापणार कधी? म्हातारीकोतारी आडवी आली तर गाडी सरकत जाणार, वर किंचाळणार. मऊ पॅड घ्या. थंडच धरतंय, आवाज न्हाई. ट्रॅकवर जरा बेतानं मार म्हणावं पोराला."

"किंचाळणारीच द्या."

"असल्या गाडीची पॅड एवढी झिजत न्हाईत, अण्णा. दाबून दाबून झिजवलीत पोरानं. पोरींस्नी ऐकू जावं म्हणून व्हय?"

"त्याच्या अव्वाला, आईला." नागाप्पानं कपातली साय बोटानं बाजूला केली. "तिला दिसत न्हाई. साखरेनं डोळं गेलं. रेस सोड म्हणाली, तवापास्नं पोराचा तिच्याशी अबोला हाय. येतो, गाडी लावतो, भायरच्या जिन्यानं वर जातो. मोटरला तर आवाज न्हाई. ब्रेक वाजला की तिला कळतं, पोरगं आलं. मग ताटावर बसती. न्हाई वाजला तर उपाशीच निजती."

आकारामनं कप खाली ठेवला. मग त्याच्या डोळ्यांत ती खुर्चीवाली चमक आली.

"देतो," तो म्हणाला. "तुमच्या मनासारखी देतो."

आत जाऊन त्यानं रेसच्या पॅडचा लाल खोका रिकामा केला आणि त्यात मऊ पॅड भरली. स्वतःच बसवलीही. गावात गाडी थांबायला पाहिजे, हे एक. आणि दुसरं म्हणजे ब्रेक मुका झाला की त्या पोराला तोंड उघडावं लागणार. अव्वा, आलो, एवढं म्हणायला काय जातंय? नागाप्पाचा वडगावचा पत्ता त्यानं बोलता बोलता काढून घेतला. ही गंमत त्याला डोळ्यांनी बघायची होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो स्कूटरवरून पेठ वडगावला पोचला. दारातल्या कट्ट्यावर एक म्हातारी बसलेली. मांडीवर झाकलेलं ताट.

"कोण?"

"आकाराम. शाहूपुरीचा ब्रेकवाला. तुमच्या गाडीला पॅड म्याच बसवली."

"बसा की, पावणं." वीरेशची अव्वा, शांतव्वा, सरकली. "वीरेश येईल आत्ता."

आकाराम गालातल्या गालात हसत बसला.

गाडी आली. चाकाखाली खडी करकरली तेवढीच. दारासमोर गुमान थांबली. मग मागे गेली, पुढे आली, थांबली. परत मागे. परत पुढे. आवाज नाही.

दार उघडलं. नागाप्पा उतरला. एकटाच.

कट्ट्यावर आकाराम दिसताच तो जागेवर थिजला. दोन्ही हात जोडले. ओठांवर बोट ठेवलं. मग ते मोठे बूट मुद्दाम आपटत बाहेरच्या जिन्यानं वर गेला. वरचं दार उघडून त्यानं दिवा लावला. समोरच्या भिंतीवर एका उंच पोराचा फोटो होता. काखेत हेल्मेट, तोंडभर हसू, आणि फोटोला हार.

आकाराम उठायला लागला. शांतव्वानं चाचपडत त्याचं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं.

वर बूट काढल्याचा आवाज झाला. मागच्या जिन्यानं अनवाणी पावलं हळूहळू खाली उतरली. परसदाराची कडी वाजली.

"अगं, आलो बाजारातनं," आतून नागाप्पा म्हणाला. "वीरेश... आला का गं?"

"आला की!" शांतव्वानं मोठ्यानं सांगितलं आणि मांडीवरच्या ताटावरचं झाकण काढलं. "केवढ्यानं ब्रेक वाजला आत्ता, तुमास्नी ऐकू आला न्हाई व्हय?"