उदक सोडलेला किल्ट

“विकायचा नाही हं हा. पुढे जिच्याकडे नसेल, तिला द्यायचा.”

शेजारच्या स्कॉटिश मॅकीबाई हे इंग्रजीत बोलल्या होत्या. यमुनाच्या मनात मात्र ते वाक्य कधीच मराठी होऊन बसलं होतं. आज सकाळपासून ते तिथून हलत नव्हतं.

समोरच्या विक्रीच्या टेबलावर दोन किल्ट होते, स्कॉटिश नाचात घालायचे चुण्यांचे लोकरी स्कर्ट, एकाच निळ्या-हिरव्या चौकटीचे. लहान किल्ट मॅकीबाईंनी दिलेला, त्यांच्या नातीने नाच सोडला तेव्हा. मोठा यमुनाने नंतर त्याला जोड म्हणून घेतलेला. लेकीला, उल्काला, आता दोन्ही आखूड होत होते, आणि किल्टच्या काठाला दुमड नसते; परकरासारखा उसवून वाढवता येत नाही. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडला नाचाची स्पर्धा होती. मांडीवर चढलेला किल्ट घालून तिथे उभंही राहता आलं नसतं.

नवा शिवायला टाकायचा तर माप आजच द्यायला हवं होतं. किल्ट शिवणारा माणूस इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या या चर्च हॉलमध्ये वर्षातून एकदा यायचा, आणि पलीकडच्या कोपऱ्यात त्याने सामान आवरायला घेतलं होतं. नवऱ्याची, विनयची, नोकरी जानेवारीत गेली, एक्याण्णवच्या मंदीत. जुने विकल्याशिवाय नवा येणार नव्हता.

गिऱ्हाईक समोर उभं होतं. दोन मुलींची आई. तिने दोन्ही किल्ट उलटेपालटे करून पाहिले, चुण्या बोटांनी चाचपल्या.

“दोन्ही देणार असाल तर घेते,” ती म्हणाली. “एकच नेला तर घरी युद्ध होईल.”

“वन मिनिट, प्लीज,” विनय हसून म्हणाला आणि यमुनाकडे वळला. हसू तेवढ्यात गेलं. “अगं, हो म्हण ना.”

“मोठा देते. लहान नाही.”

“मॅकीबाई गेल्या ॲबर्डीनला, लेकाकडे. कोण विचारायला येणार आहे तुला?”

“विचारायला कुणी नाही येत, अहो. पण मी उदक सोडलंय त्याच्यावर.”

विनय बघतच राहिला. “किल्टवर?”

“तुळशीपत्र ठेवून. तो आपला नाही आता.”

“मम!” उल्का किंचाळली, मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “पाणी टाकलास? इट्स वुल! ती आकसते!”

“थेंबभर गं.”

“आणि त्या किल्टला मराठी येत नाही. त्याला काय कळला असेल?”

विनयला एरवी हसू आलं असतं. “यमू, तुझे उपास तू कर, मी कधी अडवलंय? पण पोरीला कशाला उपाशी ठेवतेस? तीन वर्षं राबलीय ती या स्पर्धेसाठी.”

पदर हातात घट्ट धरून यमुना लहान किल्टच्या कातडी पट्ट्याकडे बघत राहिली. उल्का सात वर्षांची होती तेव्हा तो पहिल्यांदा यमुनानेच लावला होता. कोपऱ्यातल्या माणसाने कापडाच्या नमुन्यांची पेटी बंद केली. त्या बाईने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

“आणि द्यायचा कुणाला?” विनय दबक्या आवाजात म्हणाला. “वर्ष झालं, कपाटात पडलाय. इथे सगळ्यांच्याच पोरींकडे किल्ट आहेत. घेणारी कुणी नसेल, तर तुझा शब्द तरी कुठे मोडतो?”

ते यमुनाला पटलं. तिने मान वर केली आणि उल्काकडे पाहिलं.

“बाळा, खरं सांग. तुमच्या क्लासमध्ये किल्ट नसलेली एखादी मुलगी आहे? नाही म्हणालीस, तर आत्ता दोन्ही देऊन टाकते. पुन्हा विचारणार नाही.”

“बघ, सुटला प्रश्न,” विनय म्हणाला. “सांग गं पटकन.”

उल्काने तोंड उघडलं आणि तशीच थांबली.

हॉलच्या मागच्या भिंतीशी क्लासमधली डोना पाय ताणत होती. अंगात शाळेचा राखाडी स्कर्ट. किल्ट ड्रायक्लीनिंगला दिलाय, असं ती दर शनिवारी सांगायची. सप्टेंबरपासून सांगत होती. मुली तिच्या पाठीमागे हसायच्या. उल्काही हसायची.

“उल्का?” विनय म्हणाला.

“थांब ना, डॅड.”

“मॅडम, मला निघायला हवं,” ती बाई म्हणाली.

उल्काचे कान लाल झाले. कोपऱ्यातल्या माणसाने पेटी उचलली, त्यांच्या टेबलाजवळून जाताना मान लववली आणि दाराबाहेर पडला. उल्काने त्याला जाताना पाहिलं, दार बंद होईपर्यंत.

“सॉरी,” मग ती त्या बाईला म्हणाली. “लहान विकायचा नाही आहे.”

बाईने खांदे उडवले आणि पुढच्या टेबलाकडे गेली. विनय खुर्चीवर बसला. यमुनाने लेकीच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला, तर उल्काने अंग आकसून घेतलं.

“डोन्ट. मी तुझ्याशी बोलणार नाही आहे. आठवडाभर.”

तिने लहान किल्ट उचलला. चुणीवर चुणी बसवत, काठापासून पट्ट्यापर्यंत गुंडाळला.

“तुझी पिशवी दे.”

“अगं, असाच ने की हातात. केवढासा तो.”

“नो, मम. असा सगळ्यांना दिसेल.”

यमुनाने पिशवीतला डबा बाहेर काढला आणि पिशवी तिच्यापुढे धरली. उल्काने किल्ट तळाशी ठेवला, वर आपला टॉवेल टाकला, डोळे पुसले आणि कुणाकडेही न बघता भिंतीच्या कडेकडेने हॉलच्या मागच्या बाजूला निघाली.