उंबराची साल

बिनपावसाच्या त्या साली ऊसतोडीवाचून गावाला दुसरं काम नव्हतं. त्यात जाईबाईच्या सुनेच्या अंगावरून जाणं थांबेना. आळीतल्या बाया म्हणाल्या, “आमच्यासारखी गर्भाची पिशवी काढून टाक.” जाईबाईने मात्र डोंगरातून उंबराची साल आणून सुनेला दीड महिना काढा पाजला, आणि सून खडखडीत बरी झाली.

सहकारी कारखान्यासाठी टोळी भरणाऱ्या शहादेव मुकादमाला तिने हे मिरवून सांगितलं.

“मंग तिला घरीच ठेव, मावशे,” तो म्हणाला. “पाळीवाल्या बाया खाडे करत्यात. यंदा पिशवी काढलेल्याच नेतोय मी.”

&nbsp;

सोमवारी जाईबाई सुनेला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरला म्हणाली, “लई उपाय केले सायेब, पर अंगावरून जायचं काय थांबत न्हाई.”