वांगी की अंजिरी

दुकानातल्या मुलीने दोन्ही मॉनिटरवर पोपटाचे एकच चित्र लावले. "काका, हा साडेसात हजारांचा आणि हा चौदाचा. रंगांतला फरक बघा."

"पोपट काय, कुठेही हिरवाच," म्हणत पद्माकरकाकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "यातला फोटो लावा."

दोन्ही पडद्यांवर काकू आल्या. अंगावर काकांनीच आणलेली साडी होती. तिच्या रंगावरून दोघांची वीस वर्षे जुंपत आली होती. काका म्हणायचे वांगी, काकू म्हणायच्या अंजिरी. "तुम्हाला रंगांतलं काय कळतंय," हे त्यांचे ठरलेले वाक्य. गेल्या वर्षी काकू गेल्या, तेव्हा तीच साडी त्यांना नेसवली. वाद तेवढा मागे राहिला.

स्वस्त मॉनिटरवर साडी वांगीच दिसत होती. महाग मॉनिटरवर मात्र तिच्यात पिकल्या अंजिराची लाली होती, आणि काठाची जरही वेगळी कळत होती.

"नुसते फोटोच बघणार असाल तर स्वस्तातला पुरेल, काका," मुलगी म्हणाली.

काकांनी स्वस्त मॉनिटरकडे बोट दाखवले.

"त्याच्यावर माझं खरं ठरतंय," ते म्हणाले. "तो नको. हा चौदाचा द्या."