अकरा इंच

हँगर फक्त अकरा इंचांचा होता. मोठ्या माणसाच्या शर्टाला सतरा लागतात, हे सासूबाई रंभाबाईंच्या शेजारी विणकामाच्या वेळी बसून बसून स्वप्नालीला पाठ झालं होतं. रंभाबाईंनी हँगरच्या लाकडी खांद्यांवर कापूस गुंडाळला होता आणि आता पिवळ्या लोकरीचं कव्हर चढवून त्या कडेला लेस टाचत होत्या.

वटार गावातल्या या घरात प्रत्येकाचा असा एक मऊ हँगर होता, ज्याच्या त्याच्या रंगाचा. स्वप्नालीला तिचा जांभळा हँगर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मिळाला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. मूल दत्तक घ्यायचा अर्ज दोन वर्षं कपाटात पडून होता. विषय निघाला की रंभाबाई "बघू" म्हणून वाडीत निघून जायच्या, आणि आईच्या मनाविरुद्ध जायची स्वप्नालीच्या नवऱ्याची, मितेशची, तयारी नव्हती.

"मनालीताईंच्या बाळासाठी का?" स्वप्नालीने जमेल तितक्या सहजपणे विचारलं. नणंदेला सातवा महिना होता.

"तिच्या पोराला तिची सासू विनेल की! तिचे काय हात मोडलेत?" रंभाबाईंनी दोरा दातांनी तोडला. "मी आपल्या घरच्यांनाच विनते."

घरात सासऱ्यांसकट चौघं होती, आणि चौघांचेही हँगर कपाटात होते.

रंभाबाईंनी हँगर तिच्या हातात दिला, पण वर पाहिलं नाही.

"मितेशला सांग, तो अर्ज भर म्हनावं. आपन लेकरू आनूया."