मुकं मॉडेम

जेवण झालं की सासरे आडवे व्हायचे आणि नेमकं तेव्हाच मला ऑफिसला फाइल पाठवायची असायची. घरून काम करायची सवलत त्याच फाइलवर टिकून होती. पण नेट लावलं की फोनच्या वायरला जोडलेलं मॉडेम असं किंचाळायचं, की सासरे दचकून उठून बसायचे.

शेवटी सेटिंगमध्ये शिरून मी त्याचा आवाजच बंद केला. "सून इंजिनीअर आहे आमची!" सासरे म्हणाले. मीही अंगात ड्रेस असताना पदर खोचल्याचा आव आणला.

दुसऱ्या दिवशी अर्धी फाइल गेली आणि नेट तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. बाहेर बघते तर सासूबाई फोन कानाला लावून बसलेल्या. "अगं, ते ओरडलं की मी फोनला हात लावत नव्हते. आता कसं कळायचं?"

तेव्हापासून नेट लावलं की मीच ओरडते, "आई, फोन उचलू नका!" सासूबाईंची पावलं वाजली की पुन्हा ओरडते.

काल सासरे उशी काखोटीला मारून दारात उभे राहिले. "सूनबाई, ते मशीनच बरं होतं. एकदा बोंबलून गप्प तरी बसायचं."