एकशे तेरावी

एकशे बारा की एकशे तेरा, एवढाच प्रश्न उरला होता.

वर्षभरातल्या खुनांना लोकसंख्येने भागायचं आणि लाखाने गुणायचं. येईल तो खुनाचा दर. शहराची लोकसंख्या होती अडतीस लाख वीस हजार. एकशे बारा खून धरले तर दर दोन पूर्णांक नऊ येत होता. एकशे तेरा धरले की तो थेट तीनवर जाऊन बसत होता. सहा वर्षं तो तीनच्या खाली उतरला नव्हता. चार वाजता संचालक पत्रकारांना आकडा सांगणार होते, आणि दोन वाजून गेले तरी सांख्यिकी अधिकारी बाईंची सही झाली नव्हती.

बाईंना कार्यालयात मागे सगळे ‘चाळण’ म्हणत. मारहाणीत जखमी झालेला माणूस महिन्याने दवाखान्यात दगावला, तरी पोलिसांच्या कागदावर तो बऱ्याचदा जखमीच राहायचा. बाई पोलिसांची यादी आणि दवाखान्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून असे हरवलेले मृत्यू शोधून काढायच्या. गेल्या वर्षी नऊ सापडले होते. पोलिसांकडून यादी घेऊन येणारे म्हातारे फौजदार म्हणायचे की बाईंच्या हाती लागण्यापेक्षा माणसाने जिवंत राहिलेलं परवडलं.

आज अडून बसली होती ती अडतीस वर्षांची एक गृहिणी. जिन्यावरून पडली आणि एकोणीस दिवसांनी दवाखान्यात वारली. पोलिसांची नोंद अपघाताची. डॉक्टरांनी मात्र दोन्ही दंडांवर बोटांचे वळ असल्याचं लिहिलं होतं. पडली तेव्हा घरात नवरा आणि मुलगी, दोघंच होते. जबाब मुलीचा होता. पायरी ओली होती, चपलेचा अंगठा तुटका होता, आई घाईत होती, पाय घसरला.

बाईंनी तो जबाब दोनदा वाचला. एवढ्याशा घसरण्याला तीन तीन कारणं. खरोखर पडलेल्या माणसाच्या घरचे ‘पडली’ म्हणतात आणि रडतात. कारणं गोळा करत बसत नाहीत.

संचालक स्वतः उठून बाईंच्या टेबलापाशी आले. आवाज न चढवता त्यांनी समजावलं की पोलीस अपघात म्हणतायत, डोळ्यांनी पाहणारी मुलगी अपघात म्हणतेय, मग आपण कोण? त्यांचं चूक नव्हतं. नियम त्यांच्याच बाजूने होता. बाईंनी मान हलवली, एकशे बारावर सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी वाद घातला नाही, याचं संचालकांनाही नवल वाटलं.

फौजदार फायली बांधत होते. त्यांचाही जीव भांड्यात पडला होता. म्हणाले, वळांचं वाचून मलाही शंका आली होती, म्हणून त्या मुलीला मी दोनदा विचारलं. एक शब्दही बदलला नाही तिने.

“आणि मॅडम, पोटची मुलगी खोटं कशाला बोलेल?”

बाईंचे कान तापले. हा प्रश्न त्यांनी याआधीही ऐकला होता, दुसऱ्या एका फौजदाराच्या तोंडून, आणि तेव्हा त्या पलीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या फौजदाराने पाठीवर हात ठेवून त्यांना घरी पाठवलं होतं. मग शिक्षण झालं, ही नोकरी लागली. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची मेलेली माणसं शोधून काढली, शाबासक्या मिळवल्या. कपाटात जुने अहवाल सालवार लावलेले होते. त्यातला एक त्यांनी कधीच उघडला नव्हता. त्यातला आकडा एकाने कमी आहे, हे सगळ्या जगात दोघांनाच माहीत होतं.

त्या उठल्या. संचालकांच्या खोलीचं दार न वाजवताच आत गेल्या आणि टेबलावरचा कागद उचलून त्यांनी स्वतःची सही खोडली. मागोमाग आलेले फौजदार दारातच थबकले. संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. मुलगी खोटं बोलतेय याला काही पुरावा आहे का, असं त्यांनी विचारलं.

“पुरावा नाही,” बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. “पण मी एकोणीस वर्षांची असताना असाच जबाब दिला होता. माझी आई पडली नव्हती. धाकट्या दोघांना सांभाळायला बाप तरी उरावा, म्हणून जबाबात तिचा पाय मी घसरवला.”

संचालकांनी फोन उचलला आणि आज आकडा जाहीर होणार नाही, एका मृत्यूचा तपास पुन्हा व्हायचा आहे, एवढंच सांगितलं.

फौजदारांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या मुलीला आपण उद्या पुन्हा भेटू, तुम्हीही चला, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, तिच्यासमोर जायचं तर आधी माझा जबाब लिहून घ्या. फौजदारांनी कोरा कागद पुढे ओढला. आईचं नाव, साल, जागा, सगळं ते खाली मान घालून लिहीत गेले. आरोपीशी नातं विचारलं, तेव्हा बाईंनी वडील म्हणून सांगितलं. ते हयात आहेत का, असं विचारल्यावर त्यांनी होकार दिला.

“राहतात कुठे?”

बाईंनी पदराने तोंड पुसलं. “माझ्याकडेच,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी त्यांना जेवायला वाढूनच निघाले.”