एक जास्त

"चौसष्ट," जेलरबाई म्हणाल्या आणि त्यांना घाम फुटला. "पुन्हा मोज."

पहारेकरणीने चौथ्यांदा मोजलं. रजिस्टरात त्रेसष्ट बायका होत्या, अंगणात चौसष्ट. संध्याकाळची घंटा झाली होती. आतलं फाटक बंद झालं होतं.

"अहो, जास्तीची ती मी," ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या न्यायाधीशबाई म्हणाल्या. निवृत्तीनंतर त्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष झाल्या होत्या आणि दुपारी तुरुंगाच्या पाहणीला आल्या होत्या. "मला बाहेर सोडा, की जुळलं तुमचं."

"मला का कळत नाही, बाईसाहेब? पण हुकमापुढे माझं काय चालणार?" जेलरबाईंनी भिंतीवरची चौकट दाखवली. 'घंटेच्या वेळी फाटकाच्या आत असलेल्या प्रत्येक स्त्रीची, तिचा दर्जा न पाहता, गणती व्हावी. गणती जुळेपर्यंत फाटक उघडू नये.'

खालची सही न्यायाधीशबाईंचीच होती. वीस वर्षांपूर्वी इथून एक कैदी बाई नाहीशी झाली आणि आठवडाभर कुणाला पत्ताही नव्हता, तेव्हा त्यांनी हा हुकूम दिला होता. 'दर्जा न पाहता' हे शब्द तर मुद्दाम घातले होते. तेव्हा त्यांचा सत्कारही झाला होता. आता आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

ओळीतली एक म्हातारी खुदकन हसली. तिला सगळ्या मावशी म्हणत. "बसा हो बाई, पायाला रग लागेल. मलाही एकाच दिवसापुरतं थांबवलं होतं."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली. तुम्हीच तर निर्दोष सोडलंत मला! लेक न्यायला आली होती. तिला म्हणाले, उद्या ये. अजून दर महिन्याला येते बिचारी."

न्यायाधीशबाईंनी जेलरबाईंकडे पाहिलं. जेलरबाईंनी मान खाली घातली. मावशी सुटायची होती त्याच दिवशी एक कैदी बाई दवाखान्यात वारली होती. तिचं नाव रजिस्टरातून कमी करायचा कागद वरून यायचा होता. तो आलाच नाही. मावशी गेली असती तर गणतीत एक कमी भरली असती. म्हणून मेलेल्या बाईच्या जागी जिवंत बाई बसवली.

"हे बेकायदा आहे! मी आजच शिफारस करते, हिला सोडा."

"तुमच्या आयोगाच्या शिफारशींनी एक कपाट भरलंय, बाईसाहेब. दुसरं मागवलंय."

आयोगाला हुकूम देता येत नाही, फक्त शिफारस करता येते, हे न्यायाधीशबाईंना माहीत होतं. त्यांनी आयुष्यभर कायद्याची पुस्तकं चाळली होती. त्यातलं एकही पान इथे कामाला येईना. मग चपला काढून त्या मावशीच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"मोजा आता. मला धरून, आणि मावशीला सोडून."

पहारेकरणीने मोजलं. त्रेसष्ट.

जेलरबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी रजिस्टरात सही ठोकली. फाटक उघडलं.

मावशी मात्र उठेना. "बाई, तुमचं वय झालंय. इथे कसं व्हायचं तुमचं?"

"तुम्ही काय तरण्या आहात? निघा आधी. लेक वाट बघत असेल."

मावशीने आपली चादर त्यांच्या मांडीवर ठेवली. "भिंतीला ओल आहे. दाराकडे तोंड करून झोपा." आणि मागे वळून न बघता ती चालू लागली. भीती वाटत होती तिला, कुणी हाक मारेल म्हणून.

ती रस्त्यावर पोचेपर्यंत न्यायाधीशबाई बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "जेलरबाई, अशा थांबवलेल्या आणखी किती आहेत?"

"सहा."

गजांपलीकडे त्यांचा ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "बाईसाहेब, घरी काय सांगू?"

"सांग, जेवायला थांबू नका. आणि आयोगाच्या सहाही महिला सदस्यांना निरोप दे. उद्या पुन्हा पाहणी आहे, आणि घंटेच्या आधी सगळ्यांनी फाटकाच्या आत यायचं."